मोबाईल, माठ आणि आठवीचा वर्ग: पोरांकडून विज्ञानाचे व्हिडिओ कसे बनवून घ्यायचे

"माठातलं पानी थंड काहून रायते?" हा प्रश्न मी आठवीच्या वर्गात विचारला तर जवळपास सगळ्या पोरांचं एकच उत्तर आलं, माती थंड असते म्हणून. आता याच पोरांनी पंधरा दिवस आधी चाचणीत बाष्पीभवनाची व्याख्या बरोबर लिहिली होती, पेपर मीच तपासले होते. म्हणजे व्याख्या वहीत राहिली आणि माठ घरी राहिला, दोघांचा संबंधच नाही आला. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात विज्ञान शिकवते आणि काही वर्षांपासून पोरांकडूनच छोटे छोटे व्हिडिओ बनवून घेते, कारण तो संबंध जोडायला मला याच्याएवढी चांगली जागा दुसरी सापडली नाही. पण हे आपोआप होत नाही. नुसता मोबाईल हातात दिला तर पोरं नेटवरचं बघून तेच आपल्या आवाजात म्हणून दाखवतात. आमच्या पहिल्या वर्षी तेच झालं, व्हिडिओ दिसायला मस्त होते, गॅदरिंगला टाळ्या पडल्या, पालक खूश, आणि आठ दिवसांनी पोरांना उलटसुलट विचारलं तर काहीच हाती लागलं नाही. म्हणून इथे जे लिहितेय ते कॅमेऱ्याबद्दल कमी आहे आणि कॅमेरा सुरू करायच्या आधीच्या कामाबद्दल जास्त आहे.

आधी एक गोष्ट सांगते जी मला फार उपयोगी पडली. डेरेक मुलर नावाच्या संशोधकाने सिडनी विद्यापीठात २००८ साली भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर पीएचडी केली. काही विद्यार्थ्यांना सरळ, स्वच्छ समजावून सांगणारा व्हिडिओ दाखवला, त्यांना तो खूप आवडला, सोपा वाटला, पण नंतरच्या टेस्टमध्ये मार्क फारसे वाढलेच नाहीत. दुसऱ्यांना असा व्हिडिओ दाखवला ज्यात आधी लोकांची चुकीची समजूत बोलून दाखवली होती आणि मग ती का चूक ते होतं. तो व्हिडिओ त्यांना किचकट वाटला, डोकं लावावं लागलं, पण मार्क याच लोकांचे चांगले वाढले. आपल्या कामाचं यात एवढंच आहे की व्हिडिओची सुरुवात व्याख्येने करायची नाही, गावात लोक जे खरंच म्हणतात त्याने करायची.

म्हणून माझं पहिलं काम असते समजुती गोळा करणं. पोरांना वही देऊन घरी, पानठेल्यावर, वावरात, बचत गटाच्या बैठकीत पाठवते आणि सांगते की कोणाला दुरुस्त करायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही, फक्त जसं बोलले तसं लिहून आणा. दोन दिवसांत वही भरते. विजा कडाडल्या की झाडाखाली थांबाव, साप दूध पिते, साप चावला की जागा कापून रक्त काढाव, फवारणीच्या औषधाचा वास उग्र असला म्हणजे औषध जहाल, कूलर कोंडून लावला की खोली जास्त थंड होते. यातून विषय निवडायचा, आणि निवडताना मी एकच बघते की हे पोरांना स्वतः करून किंवा मोजून पाहता येते का. येत नसेल तर तो विषय पहिल्या व्हिडिओला घ्यायचा नाही. लोणारचं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं, तो विषय पोरांना फार आवडतो, उल्कापाताचं विवर आपल्याच बुलडाण्यात आहे म्हणून अभिमानही असतो, पण खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला हे वैज्ञानिकांनी नमुने तपासून सांगितलं, आपल्या पोरांना ते करून पाहता येत नाही, म्हणजे परत पाठांतरच. असे विषय दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ठेवा, जेव्हा "त्यांना हे कसं कळलं असेल" हा प्रश्न पोरं स्वतःहून विचारायला लागतात.

आता माठाचा व्हिडिओ कसा झाला ते पूर्ण सांगते, कारण बाकी सगळं त्यातूनच समजेल.

पाच जणांचा गट होता. पहिला कच्चा व्हिडिओ आला, एक पोरगा माठाजवळ उभा, "माती थंड असते म्हनून माठातलं पानी थंड रायते, धन्यवाद." मी चूक आहे म्हटलं नाही. हे जरा जड जाते आपल्याला, शिक्षक म्हणून जीभ वळवळते, पण थांबा. मी फक्त म्हटलं, मग रिकामा माठ पण थंड लागला पाहिजे ना? प्रयोगशाळेतला थर्मामीटर रिकाम्या कोरड्या माठात ठेवला, दुसरा वर्गात टांगला, दुपारी बघितलं तर दोघांवर सारखंच तापमान. पोरं गप्प. मग एक पोरगी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरचा जुना माठ आता पानी थंडच नाई करत, तो बी त मातीचाच हाय." या एका वाक्यासाठी दोन दिवस गेले तरी चालतील, कारण आता प्रश्न माझा राहिला नव्हता, तिचा झाला होता.

मग त्यांनीच ठरवलं. दोन सारखे लहान नवे माठ आणले, एकाला बाहेरून ऑईल पेंट मारला, दोन दिवस वाळू दिला. दोघांत एकाच बादलीतलं पाणी मापाने सारखं ओतलं, वर झाकण, खाली कोरडी स्टीलची परात, आणि व्हरांड्यात सावलीत शेजारी शेजारी ठेवले. किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला आणि दोन्ही माठांचं वजन लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता बघितलं तर साधा माठ बाहेरून ओलसर, हात लावला की गार, रंगवलेला कोरडा ठक्क. थर्मामीटर टाकला तर साध्या माठातलं पाणी स्पष्ट थंड. वजन केलं तर साध्या माठाचं कमी झालेलं, आणि परातीत एक थेंब नाही. "पानी गेलं त गेलं कुठं?" हा प्रश्न कॅमेऱ्यात तसाच्या तसा आला आहे, कोणी लिहून दिला नव्हता, आणि तो व्हिडिओतला सगळ्यात चांगला क्षण आहे. (रंगवलेल्या माठातलं पाणी प्यायचं नाही हे पोरांना आधीच सांगून ठेवा, तहान लागली की कोणी बघत नाही.)

यानंतर बाष्पीभवन हा शब्द आला तर तो चिकटतो. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येते, तिथे उडते, आणि उडायला लागणारी उष्णता माठातून आणि आतल्या पाण्यातून घेऊन जाते. आठवी-नववीच्या पोरांकडून हिशोबही करून घ्या, अवघड नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० ज्यूल लागतात आणि एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करायला फक्त ४.२ ज्यूल काढून घ्यावे लागतात, म्हणजे एक ग्रॅम उडालं की शंभर ग्रॅम पाणी साडेपाच अंशांच्या वर थंड होऊ शकते. प्रत्यक्षात तेवढं होत नाही कारण बाहेरची गरम हवा सारखी उष्णता देत राहते, आणि हेही पोरांनीच सांगितलं. त्या पोरीच्या जुन्या माठाचंही कोडं सुटलं, आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार साचून साचून छिद्रं बुजतात.

मग कूलरवर जायला वेळ लागला नाही. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घरोघरी कूलर आहे, आणि कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच. तोच कूलर जुलैमध्ये काहून काम करत नाही, नुसती चिकचिक काहून होते, तर हवेतच वाफ भरपूर असते, नवीन पाणी उडायला जागा कमी. आणि खोली कोंडून कूलर लावला तर तीच ओली हवा आत फिरत राहते, म्हणून समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजे. हा भाग गावात सगळ्यात जास्त पाहिला गेला. त्यातच पोरांनी शेवटी दाखवलं की टाकीत पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरला हात लावायचा नाही. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरच्या शॉकने माणसं जातात, लहान लेकरं जातात, त्यामुळे हा भाग मी कोणत्याही कूलरच्या व्हिडिओतून काढू देत नाही. हे चित्रण पूर्ण वेळ प्लग काढलेल्या कूलरवर झालं, आणि मी स्वतः तिथे उभी होते.

स्क्रिप्ट म्हणजे काय तर एका पानावर चार गोष्टी: लोकांना काय वाटते, आम्ही काय करून पाह्यलं, काय दिसलं, आणि मग कारण. यापेक्षा जास्त लिहू देऊ नका, पूर्ण भाषण लिहिलं की पोरं ते वाचून दाखवतात आणि डोळे कागदावर राहतात. त्यापेक्षा आधी एकमेकांना बोलून सांगायला लावा, मोबाईलवर नुसता आवाज रेकॉर्ड करा आणि गटाने ऐका. जिथे पोरगं अडखळते तिथे बहुतेक वेळा त्याला ते समजलेलंच नसते, भाषेची अडचण नसते. हे अडखळणं म्हणजे शिक्षकासाठी सोन्यासारखी खूण आहे, तिथे थांबून परत प्रयोगाकडे जायचं.

भाषेचं विचाराल तर माझं ठाम मत आहे की पोरांना घरच्या बोलीत बोलू द्या. वऱ्हाडी असेल, झाडीपट्टीतली बोली असेल, गोंडी बोलणारी लेकरं असतील तर गोंडीत. पुस्तकी मराठीत बोलायला लावलं की पोरांचं अर्धं लक्ष न-ण मध्ये जाते आणि आजीला तो व्हिडिओ आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही. शास्त्रीय शब्द एकदा स्वच्छ उच्चारायचा, पण वस्तू दाखवून झाल्यावर, आधी नाही.

लांबी तीन मिनिटं, फार तर चार. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाईन शिक्षणाच्या साईटवरची ६९ लाख व्हिडिओ पाहण्याची नोंद तपासली होती, त्यात सहा मिनिटांच्या वरच्या व्हिडिओंना लोक टिकत नाहीत असं दिसलं, आणि ते तर स्वतःहून कोर्सला बसलेले लोक होते. आपला प्रेक्षक वावरातून दमून आलेला असतो.

शूटिंगचं आता भरभर सांगते. मोबाईल आडवा धरा. फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर नेमका चांगला शॉट चालू असताना फोन येतो. स्टँड नसेल तर दोन विटा आणि एक रबर बँड पुरते. उजेड पोराच्या तोंडावर पाहिजे, पाठीमागे खिडकी नको, सकाळी नऊच्या आतला व्हरांड्यातला उजेड सगळ्यात छान. आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या, चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात पण ऐकू नाही आलं की उठून जातात. पंखा बंद करा, टिनाच्या शेडखाली पावसात शूट करू नका, इअरफोनचा माईक कॉलरला अडकवा किंवा दुसरा मोबाईल खिशात ठेवून त्यात आवाज रेकॉर्ड करा. थर्मामीटर, काटा, लेबल हे जवळून वेगळं घ्या, प्रेक्षकाला आकडा स्वतः वाचता आला पाहिजे, पोराने सांगितला म्हणून नाही. एडिटिंगला काईनमास्टर, इनशॉट असं काहीही चालते, फुकटच्या व्हर्जनवर त्यांचं नाव दिसते, दिसू द्या. सिनेमाचं गाणं मागे लावू नका, कॉपीराईटची भानगड आहेच पण मुख्य म्हणजे बोलणं ऐकू येत नाही. बोललेली सगळी वाक्यं स्क्रीनवर लिहायचा पोरांना मोह होतो, तेही नको, डोळे अक्षरांत जातात आणि प्रयोग दिसत नाही.

खरी अडचण मोबाईलची असते. घरात एक स्मार्टफोन, तो बाबांकडे, बाबा दिवसभर वावरात. म्हणून एका गटाला एकच मोबाईल धरून चाला आणि शूटिंग एका बैठकीत संपवा, बाकी सगळं काम बिनमोबाईलचं आहेच. आणि इथे एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, मोबाईल पोरांच्या हातात आणि माठ भरायचं काम पोरींकडे असं होते का. होते. कोणी मुद्दाम करत नाही तरी होते. मी कामं चिठ्ठीने वाटते आणि दर व्हिडिओला फिरवते, कॅमेरा, मोजणी, बोलणं, वही, सामान. वही सांभाळणारा सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्याकडे आकडे असतात.

दाखवायच्या आधी तपासणी पक्की पाहिजे, कारण पोराचा व्हिडिओ गावात फिरला की तो परत घेता येत नाही. पाठ्यपुस्तकाशी मी जुळवून बघते, पण आरोग्याचा विषय असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि शेतीचा असेल तर कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवल्याशिवाय बाहेर सोडत नाही. ते लोक वेळ देतात, माझा अनुभव चांगला आहे. फवारणीच्या व्हिडिओत हे फार कामी आलं. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, यातली काही पोरं तेव्हा लहान होती पण घरात बोलणं ऐकलेलं आहे. औषधाच्या डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग वाचायचा एवढाच विषय होता: लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, वासावरून काही ठरत नाही. रिकामे डबे पोरांना अजिबात हाताळू दिले नाहीत, कृषी केंद्राच्या दुकानात मांडणीवरच्या सीलबंद डब्यांचे फोटो काढले आणि बाकी त्रिकोण पुठ्ठ्याचे करून रंगवले. तसंच सापाचं, जिवंत साप कॅमेऱ्यासमोर आणायचा नाही, सर्पमित्र ओळखीचा असला तरी नाही. चित्रं पुरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखायचे, या चारही विषांवर चालणारं एकच प्रतिविषाचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळते, जागा कापायची नाही, तोंडाने ओढायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही, हात-पाय हलू न देता सरळ दवाखाना. दूध सापाचा आहार नाही, गारुडी त्याला तहानलेला ठेवतात म्हणून तो समोर येईल ते पितो, हे सांगताना पोरांनी कोणाच्या पूजेला नावं ठेवली नाहीत, आणि म्हणूनच घरच्यांनी ते ऐकलं.

पालकांची परवानगी लेखी घ्या, दर वर्षी. व्हिडिओत पोरांचं पूर्ण नाव, गाव, शाळेचा फलक काही नको. नुसते हात आणि आवाज असलेला व्हिडिओ पण तेवढाच चांगला होतो, आणि ज्या पोरींच्या घरून चेहऱ्याला परवानगी नसते त्यांना त्यामुळे बाजूला बसावं लागत नाही. सिकलसेलवर, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारावर, व्हिडिओ करत असाल तर जास्तच जपा. दोघेही आई-बाप वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक, हे लाल आणि पांढऱ्या मण्यांनी छान दाखवता येते, पण वर्गात कोणाची तपासणी काय आली हे व्हिडिओच्या निमित्ताने बाहेर येता कामा नये.

दाखवायची जागा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ठीकच आहे, पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे आकडे धूसर होत नाहीत. पण माझ्या मते समोर बसवून दाखवणं वेगळंच. शाळेचा टीव्ही, बचत गटाची बैठक, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे च्या ग्रामसभा, आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिवस. व्हिडिओ मध्येच थांबवायचा. "आम्ही काय करून पाह्यलं" झालं की पॉज, आणि पोरांनी लोकांना विचारायचं, सांगा काय झालं असेल? लोकांनी हात वर करायचे, मग पुढचा भाग. या पॉजने जे होते ते दहा व्हिडिओ पाठवून होत नाही.

शिकले की नाही हे कळायला मी व्याख्या विचारत नाही, अंदाज विचारते, काम सुरू व्हायच्या आधी तीन प्रश्न आणि संपल्यावर एक महिन्याने तेच तीन. माठाचे होते: ओलं फडकं गुंडाळलेली पाण्याची बाटली सावलीत ठेवली आणि तशीच दुसरी ओल्या फडक्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली, तर कोणती जास्त थंड होईल? पावसाळ्यात माठ उन्हाळ्याएवढाच थंड करेल का? अंगावर घाम असताना पंखा लावला की गार वाटते, मग पंख्यासमोर ठेवलेल्या कोरड्या थर्मामीटरचा पारा खाली येईल का? तिसऱ्यावर चांगली चांगली माणसं चुकतात, तुमच्या स्टाफरूममध्ये विचारून बघा. उत्तरासोबत "काहून" लिहायला लावा, मार्क त्या काहूनचे.

वेळेचं गणित मात्र आधीच लावून ठेवा, व्हिडिओ ज्या दिवशी कामाचा आहे त्याच्या आधी तयार पाहिजे. विजेचा जूनच्या आधी हवा, म्हणजे तो मार्च-एप्रिलमध्येच करून ठेवावा लागतो, त्यात चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर, तीसच्या आत आवाज आला तर वावर सोडून पक्क्या घरात, झाडाखाली नाही, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, जवळपास वीज पडायचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप घरच्यांच्या मोबाईलमध्ये टाकून द्यायचं. सापाचा नागपंचमीच्या आठ दिवस आधी. फवारणीचा पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, डोक्याएवढी व्हायच्या आत, म्हणजे ऑगस्ट. खारपाणपट्ट्यात अकोला-अमरावतीकडे असाल तर साबणाच्या फेसाचा प्रयोग पावसाळ्यात घ्या, पावसाचं पाणी आणि विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत सारखा साबण टाकून हलवून बघता येते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आपल्या बऱ्याच गावांत दुपारी सावली पायाखाली गायब होते, शाळा तेव्हा बंद असते पण स्टीलचा गिलास उन्हात ठेवून पोरं घरीच शूट करू शकतात, तारीख गावागणिक वेगळी असते म्हणून चार-पाच दिवस सलग करायला सांगा. आणि कूलरचा काहीही करून मार्चअखेर तयार ठेवा, कारण लोक माळ्यावरून कूलर खाली काढून, वायर जोडून, पाणी भरून बघतात ते तेव्हाच.